प्रागला निघालेल्या पुतण्यास

अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव



फेब्रुवारीची परीक्षा आटोपल्यावर मिळणाऱ्या सुट्टीत, जर्मनीत ड्रेस्डेनला तुझ्याच विद्यापीठात शिकणाऱ्या नांदेडच्या मित्रासह चार दिवस प्राग शहर पाहून यावे असा तुझा मनोदय असल्याचे, आणि तुझ्या वडिलांना तो फारसा रुचला नसल्याचे, परवा तुमच्या ओसरीवर बसलो असता कळले. बँकेचे कर्ज काढून परमुलखात शिकावयास पाठविलेल्या मुलाने हप्त्यांची मुदत सुरू होण्याआधीच देशाटनास निघावे हे त्यांना अनाठायी वाटते. आणि ज्याने आयुष्यभर पावसाच्या भरवशावर तूर आणि सोयाबीन पिकवून पै-पैचा जमाखर्च सांभाळला, त्यास तसे वाटावे यात नवल नाही. तथापि माझे मत निराळे आहे, आणि ते मी त्यांच्या समक्षच सांगितले आहे. तू अवश्य जावेस. परदेशी राहून ज्याने वसतिगृह, व्याख्यानगृह आणि किराणा दुकान या तीन ठिकाणांपलीकडे काही पाहिले नाही, त्याने पदवी मिळविली तरी त्या देशात तो राहिला असे मी म्हणणार नाही.

या बाबतीत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. जमखंडीसारख्या लहानशा संस्थानात वाढलेला हा तरुण 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करण्यास गेला आणि दोन वर्षे तेथे राहिला. सुट्ट्यांचे दिवस त्यांनी खोलीत दडून काढले नाहीत. ते हिंडले, लोकांच्या घरी राहिले, गरिबांच्या वस्त्यांतून चालणारी धर्मकार्ये त्यांनी जवळून पाहिली, आणि परत येण्यापूर्वी 1903च्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेतही ते उपस्थित राहिले. पुढे 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी जी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तिच्या मुळाशी ग्रंथांइतकेच हे हिंडणेही होते, असे माझे मत आहे. त्यांच्या मनात एक प्रश्न होता आणि तो घेऊन ते हिंडत होते. म्हणूनच त्यांना जे दिसले ते त्याच रस्त्यांवरून गेलेल्या इतर शेकडो प्रवाशांस दिसले नाही.

मला तुला सांगावयाचे आहे ते एवढेच. चार दिवसांत कोणतेही शहर पाहून होत नाही, आणि प्राग तर मुळीच नाही. तू वडिलांकडे पाठविलेली यादी मी वाचली. चौथ्या चार्ल्स राजाने 1357 साली पाया घातलेला व्ल्टावा नदीवरील दगडी पूल, 1410 सालापासून चालत आलेले नगरभवनाचे खगोलीय घड्याळ, टेकडीवरील राजवाडा, आणि त्यापुढे आणखी पंधरा-सोळा नावे. ही सर्व स्थळे खरोखरच पाहण्यायोग्य आहेत, आणि पायी हिंडताना त्यांतील बरीचशी वाटेतच लागतील. परंतु प्रत्येक नावापुढे खूण करीत धावावयाचे ठरविलेस, तर हाती छायाचित्रांखेरीज काही उरणार नाही. म्हणून एक गोष्ट अशी निवड की जी पाहण्याचा तुला इतरांहून अधिक अधिकार आहे, आणि तिच्यासाठी एक अखंड प्रहर राखून ठेव.

अशी गोष्ट प्रागमध्ये आहे. आपल्या शेजारच्या नळदुर्गात बोरी नदीवर किल्ल्याचा जो बंधारा आहे, त्याच्या पोटातील पाणीमहाल तू लहानपणापासून पाहिला आहेस. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते तेव्हा आत कोरडा राहून ते पाहता यावे अशी ती रचना दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या अमदानीत, 1613च्या सुमारास झाली. 1580 ते 1627 अशी सत्तेचाळीस वर्षे विजापूरच्या गादीवर असलेला हा सुलतान स्वतः गायक आणि वादक होता. लोक त्यास जगद्गुरू म्हणत, आणि त्याने दख्खनी भाषेत रचलेल्या ‘किताब-ए-नवरस’ या ग्रंथात सरस्वती आणि गणपती यांना आदराचे स्थान आहे. त्याच्या तंबुऱ्याचे नाव मोतीखान. हा सुलतान तंबुरा वाजवीत बसला आहे असे एक अप्रतिम चित्र, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या काही वर्षांत फर्रुख हुसेन या चित्रकाराने काढलेले, आज प्रागच्या नाप्रस्तेक संग्रहालयाच्या मालकीचे आहे. हा फर्रुख हुसेन म्हणजेच मोगल दरबारातील प्रसिद्ध फर्रुख बेग असे बहुतेक अभ्यासक मानतात. विजापुरास काढलेले चित्र युरोपाच्या मध्यभागी, समुद्रही नसलेल्या देशात जाऊन राहिले आहे. आणि ज्याच्या अमदानीत बांधलेल्या महालात तू सहलीचा डबा उघडून जेवलास, त्याचा चेहरा तू अद्याप पाहिलेला नाहीस.

मात्र एक सावधगिरी बाळग. कागदावरील जुनी चित्रे प्रकाशाने विटतात, म्हणून संग्रहालये ती सहसा बारा महिने मांडून ठेवत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी पुरेशा अवकाशाने संग्रहालयास नम्रपणे पत्र लिही. आपण कोण, कोठचे, नळदुर्गाशी आपला संबंध काय, हे चार ओळींत सांग आणि चित्र पाहावयास मिळेल काय अशी विचारणा कर. नकार आला तरी विषाद मानू नकोस; तो देणारा मनुष्यही त्या चित्राच्या रक्षणासाठीच नेमलेला आहे. पाहावयास मिळाले, तर आधी कॅमेरा काढू नकोस. सुलतानाची बोटे तारांवर कशी पडली आहेत, त्याच्या इतर काही चित्रांत दिसणारी रुद्राक्षांची माळ येथे गळ्यात आहे काय, मागील झाडे आपल्याकडची वाटतात की इराणी चित्रांतील, हे सर्व शांतपणे पाहून रोजनिशीत लिहून ठेव. मला त्या टिपणाची खरोखर गरज आहे.

हे संग्रहालय ज्या चौकात आहे त्यास बेथलेहेम चौक म्हणतात, आणि तेथेच बेथलेहेम प्रार्थनामंदिर आहे. जेथे 1402पासून यान हुस याने लॅटिन सोडून लोकांच्या चेक भाषेत प्रवचने केली, आणि ज्या मतांपायी 1415 साली कॉन्स्टन्स येथे त्यास जिवंत जाळण्यात आले, ते हे स्थान. नेवाशास 1290 साली मराठीत सांगितल्या गेलेल्या गीतेची आणि आपल्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची परंपरा ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याने त्या दारापुढून न थांबता जाऊ नये.

आता मित्राविषयी, कारण प्रवास बिघडतो तो बहुधा याच बाबीवरून. चार दिवस अहोरात्र एकत्र राहणे ही मैत्रीची मोठी परीक्षा असते, आणि तीत अनुत्तीर्ण होणारे वाईट मित्र असतात असे नव्हे. त्यांनी आधी बोलून घेतलेले नसते इतकेच. तुला संग्रहालय हवे असेल आणि त्याला रात्रीचे शहर, तर दोघांनीही एकमेकांसाठी कुढत बसू नये. अर्धा दिवस स्वतंत्र हिंडावे, संध्याकाळी कोठे आणि किती वाजता भेटावयाचे ते निश्चित करावे, आणि भेटीची वेळ काटेकोर पाळावी. खर्चाचा हिशेब रोजच्या रोज, त्याच रात्री, दोघांच्या समक्ष लिहावा. मैत्रीत लेखी कशाला, असे तुझ्या मनात येईल. आपल्या खंडोबाची मूर्ती वर्षाचा बहुतेक काळ अणदुरात आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गास असते, आणि दर वेळी देवाचे ठाणे हलताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, हे तू पाहिले आहेस. त्या करारात कोणाचा अविश्वास नाही. दोन गावांचा स्नेह इतकी वर्षे टिकला, त्यात त्या कागदाचाही वाटा आहे.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. व्हिसाच्या अटीप्रमाणे अडकवून ठेवलेल्या रकमेतून दरमहा जे 992 युरो तुझ्या हाती येतात, ते खोलीभाडे, विमा आणि जेवण यांसाठी आहेत. त्यांस हात लावू नकोस. परकी विद्यार्थ्यास वर्षाकाठी 140 पूर्ण दिवस काम करण्याची जी मुभा आहे, तिच्यातून साठविलेले असेल तेवढ्यातच प्रवासाची तजवीज कर. म्हणजे तुझ्या वडिलांच्या आक्षेपास उत्तर देण्याची गरजच उरणार नाही. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तेथील चलन कोरुना आहे. यंत्राने युरोत रूपांतर करू काय असे विचारल्यास नकार देऊन व्यवहार कोरुनातच करावा, आणि रस्त्यावर पैसे बदलून देऊ पाहणाऱ्यापासून दूर राहावे. पारपत्र आणि निवासाचा परवाना हे दोन्ही दस्तऐवज अंगावर असू देत. शेंगेन करारामुळे सरहद्द मोकळी आहे हे खरे, परंतु 2023च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने त्या बाजूची तपासणी पुन्हा सुरू केली होती, आणि परतताना गाडीत पोलिसांनी विचारले तर छायाप्रत पुरत नाही. गाडीत नदीच्या बाजूची खिडकी मिळव. प्रागच्या पुलाखालून गेलेली व्ल्टावा मेल्निकपाशी लाबेस मिळते, आणि ती लाबेच पुढे एल्बे होऊन तुझ्या ड्रेस्डेनमधून वाहते. सव्वादोन-अडीच तासांचा तो प्रवास बहुतेक तिच्याच काठाने आहे.

एका ठिकाणी मात्र तुम्ही दोघांनी एकत्र जावे अशी माझी इच्छा आहे. जुन्या ज्यू वस्तीतील पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातील सुमारे 80,000 ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत, आणि वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीत कोंडलेल्या मुलांनी काढलेली चित्रे आहेत. तू धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्याचा आणि तो नांदेडचा. 1948 साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात आधी रझाकारांनी आणि पोलीस कारवाईनंतर सूड घेणाऱ्यांनी जे केले, त्यात सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून सुंदरलाल समितीने जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत ही दोन्ही नावे आहेत. आपल्याकडे हुतात्म्यांचे स्तंभ आहेत आणि ते असलेच पाहिजेत. परंतु त्या वर्षी मेलेल्या सर्वांची, दोन्ही समाजांतील माणसांची नावे एकत्र लिहिलेली भिंत मला कोठे आढळली नाही. त्या भिंतीपुढे उभे राहिलात म्हणजे याविषयी एकमेकांशी बोला. तुमच्या घरी याविषयी कोणी बोलले नसेल, तर परत आल्यावर मला विचार. माझ्या वडिलांकडून ऐकलेले मी सांगेन.

जाण्याचा दिवस ठरला की वडिलांना तू स्वतः फोन कर आणि किती पैसे, कोठून, कशासाठी, हे स्पष्ट सांग. काकांनी होकार दिला आहे असे सांगून माझ्या आड उभा राहू नकोस. पैसे तुझे आणि निर्णयही तुझा आहे, तेव्हा त्यांचे बोलणेही तूच ऐकून घ्यावेस. प्रागला मार्चमध्ये थंडी बरीच असते, काकूने पाठविलेली शाल बरोबर घे.

कळावे.

तुझा काका