चिलट झोपले, हे कसे ओळखाल?

पिकलेले केळे दोन दिवस उघडे राहिले की त्याभोवती चिलटे जमतात. तांबड्या डोळ्यांची, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीची ही माशी म्हणजे ड्रोसोफिला. (आंब्यात अळ्या करणारी फळमाशी निराळी.) अशी काही चिलटे बरणीत ठेवून रात्री पाहिलीत, तर बरीचशी निश्चल बसलेली दिसतील. ती झोपली आहेत काय?

उत्तराची घाई करू नका. समजा, तीन चिलटे निश्चल आहेत. एक थंडीने गारठले आहे, दुसरे लुळे पडले आहे आणि तिसरे झोपले आहे. नुसते पाहून फरक कळेल का? यातील लुळे चिलट काल्पनिक नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी आणि अमेरिकेतील सिमूर बेंझर यांनी १९७६ साली अशा चिलटांवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यांच्या एखाद्या जनुकात बदल, म्हणजे उत्परिवर्तन झालेले असते. तापमान वाढवले की ती लुळी पडतात आणि उतरवले की पुन्हा चालू लागतात. बेंझर हे मूळचे पदार्थवैज्ञानिक होते, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून झोपेला आणखी दोन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, झोपलेल्या प्राण्याला जागे करण्यास नेहमीपेक्षा मोठा धक्का लागतो, पण त्या धक्क्याने तो जागा होतोच. दुसरी, जागरण घडले तर तो नंतर जास्त झोपून भरपाई करतो. अमेरिकेतील दोन गटांनी २००० साली स्वतंत्रपणे दाखवून दिले की चिलटाची विश्रांती या दोन्ही कसोट्यांना उतरते.

आता मोजमाप पाहू. एकेक चिलट बारीक काचनळीत ठेवतात. नळीच्या मध्यातून अवरक्त किरण आडवा जातो. चिलटाने तो ओलांडला की यंत्रात एक नोंद होते. सलग ५ मिनिटे वा अधिक काळ एकही नोंद झाली नाही, तर तेवढा काळ झोपेचा धरतात. समजा, बारा मिनिटांच्या नोंदी अशा आहेत :

३, ०, ०, ०, १, ०, ०, ०, ०, ०, ०, ४

शून्ये नऊ आहेत, पण झोप सहाच मिनिटांची. पहिली तीन शून्ये केवळ थांबण्याची होत. पाच मिनिटांची ही मर्यादा मनाने ठरवलेली नाही. एवढा वेळ स्वस्थ बसलेले चिलट हलक्या धक्क्याला सहसा दाद देत नाही, असे आढळले म्हणून ती घेतली.

ही पद्धत हाती आल्यावर झोपेची जनुके शोधता आली. विस्कॉन्सिन विद्यापीठात चिआरा चिरेली, जुलिओ टोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलटांचे सुमारे ९००० उत्परिवर्ती वाण तपासले. साधारण चिलट दिवसाकाठी ९ ते १५ तास झोपते, पण एका वाणातील चिलटे ४-५ तासच झोपत. ती नुसतीच चुळबुळी असतील काय? नाही. जागेपणी त्यांचे वागणे इतरांसारखेच होते आणि जागरणानंतर तीही भरपाई करीत. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हा बदल 'शेकर' नावाच्या जनुकात होता. ईथरची गुंगी दिल्यावर पाय थरथरतात, म्हणून हे नाव.

हे जनुक करते काय? चेतापेशीच्या आत व बाहेर विभवांतर असते. संदेश जाताना सोडियमचे आयन आत शिरून ते बदलतात. मग पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि पेशी पूर्वस्थितीला येते. पोटॅशियमच्या या वाटेचे प्रथिन 'शेकर' जनुकावरून घडते. वाट बिघडली की पेशी शांत होण्यास उशीर लागतो.

'शेकर' बिघडलेली ही कमी झोपणारी चिलटे अल्पायुषी ठरली. म्हणजे कमी झोपेने आयुष्य घटते, हे सिद्ध झाले का? पुन्हा थांबा! हेच प्रथिन स्नायूंतही असते. तेव्हा झोप कमी होणे आणि आयुष्य घटणे ही एकाच बिघाडाची दोन फळेही असू शकतील. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

पुण्यात पाषाण येथील 'आयसर' संस्थेत ड्रोसोफिलावर संशोधन चालते. जानेवारी २०२० मध्ये आशिया-पॅसिफिक भागातील ड्रोसोफिला-संशोधकांची परिषद तेथेच भरली होती.

पण सुरुवात तुम्हीही करू शकता. परीक्षानळीत केळ्याचा लहानसा तुकडा व एक चिलट ठेवून कापसाचा सैल बोळा लावा. नळी आडवी ठेवून मध्यावर खूण करा. दुपारी २ वाजता आणि सायंकाळी ६ वाजता प्रत्येकी अर्धा तास, मिनिटा-मिनिटाला नोंद घ्या. एक मिनिट थांबलेले चिलट पेन्सिलीच्या किती टिचक्यांनी हलते? पाच मिनिटे थांबलेले कितींनी? दोन्ही आकडे वहीत लिहा आणि मगच म्हणा, "चिलट झोपले होते." प्रयोग झाला की त्याला सोडून द्या.