दुसऱ्याची झुंज

अभ्यासपाठ : उत्पत्ति ३२:२२–३२, मार्क ४:२६–२९

याकोबानें बायकामुलें व चीजवस्तु यब्बोक नदीपार पाठविली आणि तो एकटा मागें राहिला. ती सारी रात्र त्यानें झुंजत काढिली. त्याला सोडविण्यास कोणी धांवून आलें नाहीं. पहाटे तो लंगडत निघाला, पण नवें नांव घेऊन.

हा पाठ आम्हां उपदेशकांस व वडील मंडळीस जड जातो. घरांतील एकाचा बाप्तिस्मा झाला कीं बाकीच्यांचाहि नाताळापूर्वीं व्हावा, मुलाची शाळा संपतांच त्यानें प्रभूच्या सेवेस लागावें, अशी आमची घाई. कोवळा आंबा उतरून आढींत घातला तर तो सुरकुततो, हें कोंकणांतल्या पोरासोरांसहि ठाऊक आहे; आत्म्यांविषयीं मात्र आम्ही तें विसरतों.

रेव्ह. नारायण वामन टिळक हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतलेच. जन्म करजगांवीं, १८६१ सालीं. आगगाडींत एका अनोळखी युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. त्या गृहस्थानें पुढें त्यांचा पिच्छा पुरविला नाहीं. वाचणें, शंका काढणें, तळमळणें हें सर्व टिळकांस स्वतःच करावें लागलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांवर मात्र जणुं आभाळच कोसळलें. तें दुःख त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत मोकळेपणीं सांगितलें आहे, आणि पतीचा तापट स्वभावहि झांकलेला नाहीं. कांहीं काळ पतीपासून दूर राहून त्या परत आल्या, त्या आपलें सोवळें घेऊनच. ज्यानें ख्रिस्तासाठीं जात सोडली, त्याच्याच घरांत पत्नीचें सोवळें! टिळकांस हें सोपें गेलें नसेल. तरी त्यांनीं तिला ओढून पाण्याजवळ नेलें नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्याच मनांत उठला. त्याचा निकालहि त्यांनींच लाविला, आणि सोवळें सुटलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्यें पांच वर्षें गेलीं. आमच्यापैकीं किती जणांनीं इतकी वाट पाहिली असती?

टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरेंच होतें. तें पुढें नेण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें व त्यांत चौसष्ट अध्याय घातले. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईला हें पाचारण कोणत्या कमिटीनें दिलें असतें?

मात्र वाट पाहणें म्हणजे टाकून देणें नव्हे. मार्काच्या दाखल्यांतील शेतकरी निजतो, उठतो, पण बीं त्यानें अगोदर पेरलेलें असतें. रोप वाढावें म्हणून तो तें वर ओढीत नाहीं. झुंजणाऱ्याच्या घरीं जाणें, त्यानें विचारलें तेवढ्याचें उत्तर देणें, आणि त्याच्या नकळत त्याच्यासाठीं गुडघे टेकणें, एवढें उपदेशकाचें काम. शंका विचारली म्हणून रागें भरणें हें त्या कामांत येत नाहीं.

रविवारच्या वर्गांत एवढेंच विचारावें : आपल्या घरांत किंवा वाडींत यब्बोकाच्या कांठीं आज कोण उभें आहे, आणि त्याच्याशीं गेल्या महिन्यांत आम्ही अधिक बोललों कीं त्याचें अधिक ऐकिलें?