वैथिरीला जाण्याआधी

आरक्षण जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं केलं असशील, तर आधी तारीख बदल. बाकीचं मग बोलू. पावसाळ्यात दर उतरलेले असतात, ओढे तुडुंब असतात आणि जाहिरातीतलं हिरवंगार रान तेव्हाच तसं दिसतं, हे मलाही माहीत आहे. पण ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातल्या वायनाड जिल्ह्यात याच वैथिरी तालुक्यातली मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. दोनशेहून जास्त माणसं झोपेतच गेली. आपलं आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं तेही ३० जुलैलाच, २०१४ साली. त्या दिवसांत डोंगराच्या पोटात पाणी मुरून मुरून माती जड झालेली असते, आणि मग एका रात्रीचा जोराचा पाऊस पुरतो. माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ सालीच पश्चिम घाटाचे नाजूकपणानुसार तीन पट्टे आखून दिले होते, त्यात वैथिरी तालुका पहिल्या, म्हणजे सगळ्यात नाजूक पट्ट्यात होता. एवढं माहीत असताना लेकराला आणि सासूबाईंना घेऊन जुलैत तिथल्या उतारावर झोपायला जाऊ नये, असं मला वाटतं.

नोव्हेंबरात जा. ओढे अजून वाहते असतात, कॉफीची फळं लाल व्हायला लागलेली असतात, पहाटे स्वेटर लागतो. संध्याकाळी एखादी गडगडाटी सर येईल, ती येऊ दे. डिसेंबर-जानेवारीही छान, पण तेव्हापासून गोचिडांचे दिवस सुरू होतात. त्याबद्दल पुढे सांगते.

पैसे भरण्याआधी व्यवस्थापकाला फोन कर. नुसता संदेश पाठवू नकोस, बोल. आजकाल प्रत्येक रिसॉर्ट स्वतःला पर्यावरणस्नेही म्हणवतं, म्हणून पाटीवर न जाता थेट विचारायचं. न्हाणीघराचं आणि संडासाचं पाणी कुठं जातं? शुद्ध करून झाडांना घालता की ओढ्यात सोडता? ओला कचरा कुठं जिरतो आणि सुका कोण नेतं? केरळात सुका कचरा घरोघरून गोळा करायला हरित कर्म सेनेच्या बायका येतात. त्यांचं नाव त्याच्या तोंडून आपसूक आलं, तर समज की तिथं काम खरंच चालतं. पोहण्याचा तलाव असेल तर तो कुठल्या पाण्यानं भरतात हेही विचार. ओढा अडवून भरत असतील तर तिथं जाऊ नकोस, खोली कितीही सुरेख असली तरी. रात्री गाणी लावता का, दिवे किती वाजता मालवता, कामावर आसपासच्या गावातली किती माणसं आहेत, हेही. जो माणूस खरं काम करतो त्याला हे प्रश्न आवडतात. तो उलट दहा गोष्टी आपणहून सांगतो. जो गुळमुळीत बोलतो आणि विषय स्पाकडे वळवतो, त्याच्याकडे चाळीस हजार घालवू नकोस.

खोली निवडताना जावईबापूंना झाडावरच्या घराचा मोह होईल. त्यांना माझं नाव सांगून थांबव. सासूबाईंचे गुडघे आणि शेवाळलेल्या लाकडी पायऱ्या यांचं जमणार नाही. पायऱ्या किती आहेत आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का, ते विचार. खोलीच्या मागं डोंगर उभा कापलेला नसावा, हे तर पहिलं बघ. सपाटीवरची, झाडीकडे तोंड असलेला व्हरांडा असलेली साधी कॉटेज घे. तुमचा निम्मा वेळ त्या व्हरांड्यातच जाणार आहे आणि तो तसाच जावा.

जायला नेत्रावती एक्सप्रेस धरून कोळिकोडला उतरलात तर सगळ्यात सोपं. तिथून तामरश्शेरीचा घाट चढून वर यायचं, केसाच्या आकड्यासारखी नऊ वळणं आहेत. लेकराला पोटभर खाऊ घालून घाटात बसवू नकोस. शनिवारी-रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून मधल्या वारी पोच. मोटार घेऊन म्हैसूर, गुंडलुपेटवरून येणार असाल तर एक लक्षात ठेवा: बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. रात्री तिथं हत्ती आणि हरणं रस्ता ओलांडतात, त्यांच्यासाठीच तो बंद ठेवलेला आहे. नाक्यावर हुज्जत घालू नका. दिवसाच निघा आणि मध्ये कुठं गाडी थांबवून उतरू नका.

आता खरी गोष्ट. वर्षावनात माणसाला सगळ्यात जास्त सतावते ती ओल. जनावरं, साप, जळवा त्यानंतर. मी आंबोलीच्या पावसात उभी हयात काढली, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसात, म्हणून हे ठामपणे सांगते. नोव्हेंबरातसुद्धा तिथली हवा इतकी दमट असते की दोरीवरचं सुती कापड दोन दिवस वाळत नाही. जीन्स तर मुळीच नेऊ नकोस, एकदा भिजली की परत येईपर्यंत ओलीच राहते. पातळ, लवकर वाळणारे दोन जोड चालायला आणि एक जोड फक्त खोलीतला. हा तिसरा जोड कोरडा राहिला पाहिजे. तो घालून अंगणातसुद्धा जायचं नाही. आपल्या घरी पावसाळ्यात हीच शिस्त असे. बाहेरून आलं की पडवीतच ओलं उतरवायचं, अंग खसाखसा पुसायचं आणि मग कोरडं घालायचं. बोटांच्या बेचक्या, काखा, जांघा कोरड्या ठेवल्या की नायटा होत नाही. लेकराच्या बाबतीत हे दिवसातून दोनदा बघ. आणि झालाच, तर दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावू नकोस, त्यानं नायटा दबतो आणि पसरतो.

चामड्याचे बूट, पट्टा, पर्स घरी ठेव, चार दिवसांत बुरशी धरेल. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि सकाळी बूट झटकूनच पाय घाल. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नकोस, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या तर नाहीच. जावईबापूंचा कॅमेरा वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढला की भिंगावर धुकं धरतं. बाहेर पडण्याआधी अर्धा तास तो पिशवीतच व्हरांड्यात ठेवायला सांग, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांग. खोलीत वातानुकूलन लावून खिडक्या उघड्या ठेवल्या तर भिंतींना घाम फुटतो. पंखा लाव, जाळीच्या खिडक्या उघड, तेवढं पुरतं. सौर बंबाचं पाणी ढगाळ दिवशी कोमटच येणार, त्याबद्दल रिसॉर्टच्या पोरांवर डाफरू नका. बादली मागून घ्या आणि दुपारी अंघोळ करा.

जळवांची भीती सगळ्यांना वाटते आणि ती सगळ्यात कमी कारणाची आहे. जळू रोग देत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती गळून पडल्यावरही बराच वेळ रक्त येत राहतं. ते बघून घाबरायचं नाही. ओढून काढू नकोस, काडीनं चटका देऊ नकोस. तिचं बारीक टोक जिथं चिकटलंय तिथं नख लावून बाजूला सरकव, मग जाड टोक सोडव. साबणानं धू, कापूस दाबून धर. पुढं दोन दिवस खाज येईल, खाजवायचं नाही, एवढंच. जळवांसाठीचे घट्ट विणीचे लांब मोजे मिळतात, ते पँटवरून गुडघ्यापर्यंत चढवायचे. मीठ मोज्यांना चोळलं तर चालतं, चावणाऱ्या जळवेवर टाकायचं नाही.

गोचीड मात्र खरी. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात जो माकडताप पहिल्यांदा सापडला, तो गोचिडीमुळं होतो. २०१५ साली वायनाडात त्याची साथ आली आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात. डिसेंबरपासून मेपर्यंत त्याचे दिवस. त्या काळात चावणारी पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसतसुद्धा नाहीत. म्हणून पाचोळ्यात बसायचं नाही, कपडे झुडपांवर वाळत घालायचे नाहीत, लेकराला पानांच्या ढिगात लोळू द्यायचं नाही. फिरून आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाकायचे आणि गुडघ्यामागं, कंबरेला, कानामागं, केसांत हात फिरवून बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता रिसॉर्टवाल्यांना सांगायचं, त्यांनी आरोग्य केंद्राला कळवायचं.

सापांचं थोडक्यात. अंधार पडला की विजेरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि कठड्यावर, फांदीवर न बघता हात ठेवायचा नाही, कारण चापडा तिथंच वेटोळं घालून बसतो. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, चापड्यावर ती चालत नाही. तरी दंश झाला की दवाखान्यातच जायचं. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही. जवळचा मोठा दवाखाना कुठला आणि रात्री गाडी मिळेल का, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेव.

रान बघायचं तर पहाटे सहाला. गावातलाच वाटाड्या घे आणि त्याला त्याच्या मनासारखं चालू दे. तास-दोन तासांत पाच किलोमीटर कापण्यापेक्षा एका जागी पंधरा मिनिटं गप्प बसलेलं बरं. शेकरू दिसेल, आपला राज्यप्राणी, तोच तिथंही आहे, लेकरू ओळखेल. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी मागून दिसतो. मोठा धनेश हा केरळचा राज्यपक्षी. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. तशी ढोली सापडली तर तिच्यापाशी थांबू नका, नर घाबरला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा कुणी आग्रह केला तर नको म्हण. बेडकाला हात लावू देऊ नकोस, तो कातडीतून श्वास घेतो आणि आपल्या हातांना डासांचं मलम असतं. घाटातल्या माकडांना बिस्किटं द्यायची नाहीत, ती नंतर पुढच्या गाडीतल्या पोराच्या हातातून ओढून घेतात.

रस्त्याकडेला पिवळ्याधमक घोसांची झाडं दिसतील. सेन्ना स्पेक्टाबिलिस. दिसायला देखणी, पण परदेशातून आलेली, आणि तिच्याखाली गवत उगवत नाही. हत्तींचं आणि हरणांचं कुरण तिनं खाल्लंय. तिच्या शेंगा, बिया हौसेनं घरी आणू नकोस.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. जेवणाआधी गुलाबी कोमट पाणी येईल, ते पदिमुखाच्या लाकडाबरोबर उकळलेलं असतं, बिनधास्त प्या. तेच जगमधून खोलीत मागवा, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या लागणार नाहीत. बुफेत इडली-उपमा आणि पनीर सगळीकडे सारखंच असतं. वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्याची कडला करी मागा, आणि गंधकशाला तांदूळ आहे का विचारा. वायनाडचा सुवासिक बुटका तांदूळ, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. असे पन्नासच्या वर देशी वाण त्या जिल्ह्यातल्या चेरुवयल रामन या आदिवासी शेतकऱ्यानं आपल्या शेतात जपलेत, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांनी मागितलं तरच स्वयंपाकघर तो तांदूळ विकत घेईल. पणिया किंवा कुरिच्या आदिवासींच्या वस्तीवरून जाताना मात्र फोटो काढत सुटू नका. त्यांची घरं आहेत ती. आणि खोली आवरणाऱ्या बाईच्या हातात निघताना स्वतः पैसे दे, पेटीत टाकू नकोस.

घरी आल्यावर दोन-तीन आठवडे अंगाकडे लक्ष ठेव. कुणालाही ताप आला, डोकं आणि अंग फार दुखलं, तर साधा फ्लू समजून घरी गोळ्या घेत बसू नका. माकडताप, लेप्टो, स्क्रब टायफस यांची सुरुवात तशीच होते आणि पुण्यातल्या डॉक्टरांच्या मनात ते पटकन येणार नाही. वायनाडच्या जंगलात राहून आलोय, हे त्यांना तू आपणहून, अगदी पहिल्या वाक्यात सांग.