परसांतील मत्स्यकुंडाचें पाणी निर्मळ कसें राखावें?

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. तुमसर तालुक्यांतील आमच्या नाकाडोंगरीसारख्या गांवींही परसांत लहानसें कुंड बांधून रोहू, कतला, मृगळ वाढविण्याची हौस कोणास होणें स्वाभाविक आहे. परंतु पावसाळ्यांत सोडलेले मासे वैशाखांत मरून तरंगूं लागले कीं घरधनी म्हणतो, "गाळणी तर बसविली होती!" गाळणीचें खरें काम कोणतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

कुंडांतील मळ दोन प्रकारचा असतो. एक डोळ्यांस दिसणारा; म्हणजे विष्ठा, उरलेला कोंडा व ढेप, कुजलेला पालापाचोळा. दुसरा न दिसणारा. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचें द्रव्य पाण्यांत सोडतात व तें त्यांस विषासमान आहे. मिठाचें पाणी फडक्यांतून गाळल्यानें गोडें होत नाहीं, तद्वत् हा विरघळलेला मळ नुसत्या वाळूनें अडत नाहीं. त्याचा नाश सूक्ष्म जंतू करितात. एका जातीचे जंतू अमोनियाचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेट हें तर वनस्पतींचें खत होय. या जंतूंस राहावयास जागा व श्वासास हवा पाहिजे. सारांश, गाळणी ही चाळणी नसून जंतूंची वस्ती आहे.

आतां बांधणीचा हिशेब पाहूं. कुंड १२ फूट लांब, ८ फूट रुंद व ४ फूट खोल असल्यास त्यांत ३८४ घनफूट, म्हणजे सुमारें १०,९०० लिटर पाणी मावतें. तें सर्व अडीच तासांत एकदां गाळणींतून जावें, यासाठीं ताशीं सुमारें ४,४०० लिटर पाणी देणारा पंप हवा. कुंडाशेजारीं ४ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल असे दोन हौद बांधावे. पहिल्यांत पाणी जवळजवळ पाव तास संथ राहून जड गाळ खालीं बसतो. तळाशीं तोटी ठेवून तो आठवड्यास एकदां भाजीपाल्यास सोडावा. दुसऱ्यांत फुटक्या कवेलूंचे व विटांचे सुपारीएवढे तुकडे भरून पाणी खालून वर चढवावें. बारीक वाळू घालूं नये. ती चोंदते व जंतूंस हवा मिळत नाहीं. तेथून पाणी कुंडांत हातभर उंचीवरून पडूं द्यावें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. नव्या सिमेंटाचा क्षार निघून जाण्यास मासे सोडण्यापूर्वीं हौद व कुंड अनेक वेळां भरून रिकामे करावे.

दुसऱ्या हौदाच्या तोंडाशीं कर्दळ किंवा वाळा लावावा. त्यांचीं मुळें नायट्रेट शोषून घेतात. ही युक्ति आमच्या भागास नवी नाहीं. कोहळी लोकांनीं बांधलेल्या जुन्या तलावांत पाणवनस्पति होत्या, व त्यांचें ज्ञान ढिवर मंडळींनीं जपलें होतें. १९५१ सालीं मालगुजारी संपून ते तलाव सरकारजमा झाले. पुढें कित्येकांत गाळ सांचला व बेशरम माजली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढिवरांसह, १९९९ सालीं वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांतील कांहीं तलावांत बेशरम काढून देशी पाणवनस्पति पुन्हा लाविल्या. मासे वाढवावयाचे तर आधीं पाण्यांतील वनस्पति राखाव्या, हा त्याचा बोध होय.

निगेचे नियम थोडे पण कडक आहेत. जंतूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे मोजकेच सोडावे. पाव तासांत संपेल इतकेंच खाद्य घालावें. गाळणीचे तुकडे एका वेळीं निम्मेच, आणि तेही कुंडाच्याच पाण्यांत खळबळावे. ब्लीचिंग पावडर घातलेल्या नळाच्या पाण्यानें ते स्वच्छ धुणें म्हणजे सर्व वस्ती मारणें होय. त्यानंतर चकचकीत गाळणी असूनही मासे मरतात. वीज बराच वेळ गेल्यास हौदांत कोंडलेलें पाणी आधीं झाडांस सोडावें, मगच पंप सुरू करावा.

उन्हाळ्यांत विशेष जपावें. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत प्राणवायु सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो. ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमवर येतो, आणि अमोनिया मात्र अधिक जालीम होतो. म्हणून निम्म्या कुंडावर मांडवाची सावली करावी. पहांटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंड उघडूं लागले तर त्या दिवशीं खाद्य बंद ठेवावें, पंप अखंड चालवावा व तिसरा हिस्सा पाणी बदलावें. नवें पाणी विहिरीचें असल्यास उंचावरून धार धरून ओतावें. नळाचें असल्यास दोन दिवस उघड्यावर ठेवलेलें असावें. काढलेलें पाणी वांग्यामिरच्यांस द्यावें, म्हणजे माशांचें विष तेंच बागेचें खत होतें.