हात पुढं, लिम्ब मागं

(बदनापुरात धनुर्विद्या शिकणारी ऋतुजा आणि तिला शिकवणारे नाना. धनुष्याचा पकडीचा मधला भाग म्हणजे रायझर, त्याला वर-खाली जोडलेल्या पात्या म्हणजे लिम्ब, दोरी ओढायला लागणारा जोर म्हणजे पाऊंडेज.)

ऋतुजा: नाना, तीन तुकड्यांची दोन रिकर्व्ह धनुष्यं पाहून आले. लांबी सारखी, पाऊंडेज सारखं. पण एकाचे लिम्ब रायझरला निशाणाच्या बाजूनं बसतात, दुसऱ्याचे आपल्या बाजूनं. दुकानदार म्हणाला, पहिलं फास्ट आहे.

नाना: फास्ट! जो उठतो तो हेच विचारतो. 2023 साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले, ऊर भरून आला. पण ते चाकांच्या कंपाऊंड धनुष्यावर. तेव्हापासून पोरांना चाकं आणि वेगच दिसतो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव साध्या रिकर्व्हवर टोकियो ऑलिम्पिकला गेला, त्याचं नाव कुणी काढत नाही.

ऋतुजा: पण दुकानदार खोटं बोलला का?

नाना: नाही, अर्धंच बोलला. पकडीच्या खोबणीपासून माप घे. तुझी दोरी हनुवटीखाली येते तेव्हा खोबणीपासून 26 इंचांवर असते, असं धर. लिम्ब मागं बसवले की न ओढलेली दोरीही मागं येते. समज, 9 इंचांवर. म्हणजे सुटल्यावर ती बाणाला 17 इंच ढकलते. लिम्ब पुढं सरकवले आणि दोरी 7 इंचांवर गेली, तर 19 इंच ढकलते. जास्त अंतर ढकललं की वेग वाढणारच.

ऋतुजा: मग पुढचंच घेते.

नाना: दम धर. तुझी हनुवटी आहे तिथंच राहते, पण लिम्बच्या हिशेबानं तू दोरी दोन इंच जास्त ओढतेस. पाऊंडेजही वाढतं. म्हणून तेच लिम्ब पुढं बसवणाऱ्या रायझरवर जड लागतात. लिम्बवरचा आकडा ठरावीक मापाला असतो, तुझ्या हाताला नाही.

ऋतुजा: दोरीला पीळ कमी दिला तर मागच्या धनुष्यालाही तेच होईल ना?

नाना: थोडंफार. पण मग दोरी ढिली पडते, हाताला चाटते, आवाज करते. बनवणाऱ्यानं दिलेल्या मापात राहायचं. पुढं विचार.

ऋतुजा: पुढं बसवण्यात तोटा काय?

नाना: हात. ट्रॅक्टर पुढं असला की ट्रॉली आपसूक रांगेत येते. मागं रेटायला गेलीस की जराशा वळणानं वाकडी होते. लिम्ब मागं असले की तुझा हात त्या ट्रॅक्टरसारखा पुढं राहतो आणि मनगट किंचित मुरगळलं तरी धनुष्य स्वतःला सावरतं. लिम्ब पुढं गेले की ही सावरण्याची ताकद घटते. त्यात दोरी बाणाला जास्त अंतर ढकलते, म्हणजे हात हलायला मोकळीकही जास्त.

ऋतुजा: तरी मला एकच भीती. मागच्या लिम्बनं बाण 70 मीटर पोचायचाच नाही.

नाना: पोचतो. पाऊंडेज पुरेसं असलं की नेम धरायची साइट खाली घ्यायची. वाऱ्यात हळू बाण जास्त सरकतो, हे खरं. पण 122 सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं. बाण हळू आला म्हणून दहाचे नऊ होत नाहीत. दर खेपेला वेगळा आला की होतात.

ऋतुजा: पण वेग कमीच की.

नाना: पुन्हा तेच! वेग पाठीच्या ताकदीनं वाढेल, वर्षभरात जड लिम्ब लावता येतील. चुकीचा हात मात्र एकदा मुरला की मोडायला दुप्पट मेहनत लागते. आणि शिकणारं पोर बाण भरकटले की स्वतःलाच दोष देत सोडून जातं. अशी गुणी पोरं मी हातची गेलेली पाहिली आहेत, म्हणून चिडतो.

ऋतुजा: मग मी ठरवू कसं?

नाना: दोन्ही हातात घे. 18 मीटरवरून तेच बाण दोन्हींतून सोड. किती जोरात रुतले ते बघू नकोस, एकमेकांच्या किती जवळ रुतले ते बघ. आणि दमल्यावर सोडलेले बाण मोज. ताजेपणी कुठलंही धनुष्य चांगलंच वाटतं.