‘मराठी छान बोलतेस’ म्हणून झाल्यावर

समुपदेशनाच्या वर्गात जातीवरून किंवा धर्मावरून सहसा कोणी शिवी देत नाही. दुखावणारे वाक्य येते ते कौतुकाच्या, नाहीतर थट्टेच्या रूपात. वसई पट्ट्यातून मुंबईला शिकायला जाणाऱ्या ख्रिस्ती मुलीला हमखास ऐकावे लागते, “ख्रिश्चन असूनही मराठी किती छान बोलतेस!” म्हणणाऱ्याला दाद द्यायची असते. वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र सामवेदी, वाडवळी यांसारख्या इथल्याच बोली पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. 1534 ते 1739 या काळातल्या पोर्तुगीज अमलाची खूण आडनावात उरली, म्हणून भाषा परकी होत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही धर्माच्या मुद्द्यावरून त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केलाच होता. वर्गातले ते भाबडे कौतुक आणि हा उघड विरोध, दोन्हींच्या मुळाशी समज एकच असतो: ख्रिस्ती माणसाला मराठी परकी.

अशा लहान, बहुतेकदा नकळत होणाऱ्या अवमानाला चेस्टर पिअर्स या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1970 मध्ये ‘मायक्रोअॅग्रेशन’ हे नाव दिले. डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्याचे प्रकार पाडले. त्यांच्यासमोर अमेरिकेतला वर्णभेद होता. आपल्याकडे ती जागा जात, धर्म, बोली आणि गाव यांनी घेतली आहे. आगरी मुलाला “जरा आगरीत बोलून दाखव ना” असा आग्रह होतो, आदिवासी मुलीला “कोट्यातून का?” असे सहज विचारले जाते. ही संकल्पना सैल आहे, तिचा पुरावा कच्चा आहे, असा आक्षेप स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी 2017 मध्ये घेतला. संशोधनापुरता तो विचारात घेण्यासारखा आहे. पण समोरची विद्यार्थिनी गप्प झालेली दिसत असताना पर्यवेक्षकाला व्याख्येचा वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही.

असे प्रसंग कसे घडतात, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, उमेळ्याहून नायगाव स्टेशन गाठून लोकलने येणारी एक प्रशिक्षणार्थी रोल-प्लेमध्ये क्लायंट झाली आहे. ती मुलगा दुरावलेल्या म्हातारीची भूमिका करते आणि साहजिकच घरच्या बोलीत बोलू लागते. दोन-तीन जण हसतात. पर्यवेक्षकही हसत म्हणतात, “छान! पण आता शुद्ध मराठीत घ्या, आम्हालाही कळू दे.” ती प्रमाण मराठीत पुन्हा सुरुवात करते, पण म्हातारी काही पुन्हा उभी राहत नाही. पुढच्या आठवड्यांत तिच्या केस-नोंदी आखूड होत जातात. विचारले की उत्तर ठरलेले: “ठीक चाललंय, सर.”

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्यूरन यांनी उपचारातल्या नात्याला जाणाऱ्या तड्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत: एकात माणूस भांडतो, दुसऱ्यात मागे सरतो. आपल्या वर्गांत बहुधा दुसराच प्रकार दिसतो. सरांना उलट बोलू नये हे वळण तर असतेच. शिवाय इंटर्नशिपचे तास, शेरा आणि सही त्यांच्याच हातात असते. त्यामुळे गैरहजेरी, मोघम नोंदी, नको तितका नम्रपणा आणि प्रत्येक सूचनेला “हो सर” ही दुखावल्याची लक्षणे असू शकतात. अनेक पर्यवेक्षक तीच प्रगतीची म्हणून वाचतात.

म्हणूनच विषय काढण्याची जबाबदारी, ज्याच्या हातात सही आहे त्याची. ‘तिला वाईट वाटले असते तर ती बोलली असती’ ही पळवाट आहे. जेसी ओवेन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या अल्पसंख्य वंशगटांच्या 120 क्लायंटना विचारले, तेव्हा 53 टक्क्यांनी समुपदेशकाकडून असा अनुभव आल्याचे सांगितले. त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या बाबतीत त्यावर सेशनमध्ये चर्चाच झाली नव्हती. ज्यांच्याशी समुपदेशकाने मोकळेपणाने बोलून घेतले, त्यांचे नाते मात्र असा अनुभव न आलेल्यांच्या नात्याइतकेच टिकून होते. हा अभ्यास क्लायंटचा आहे, प्रशिक्षणार्थींचा नव्हे, तरी वर्गालाही तो लागू पडावा.

माफी थोडक्यात आणि नेमक्या वाक्याची मागावी. “त्या दिवशी रोल-प्लेमध्ये मी तुम्हाला शुद्ध मराठीत बोला म्हणालो. तुमची बोली अशुद्ध आहे असा त्याचा अर्थ होतो. ते चुकलं, माफ करा.” एवढे पुरे. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी” यातल्या ‘तर’ने सगळा दोष ऐकणारीच्या हळवेपणावर जातो. “माझा हेतू तसा नव्हता” हे खरे असले तरी आरंभीच सांगू नये; त्यावर मान डोलावण्यावाचून तिला गत्यंतर नसते आणि विषय तिथेच बंद होतो. “वसईत माझे कितीतरी मित्र आहेत” हे तर कधीच सांगू नये. काही पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला जातात. ते इतके कासावीस होतात की त्यांचीच समजूत घालण्याचे काम विद्यार्थिनीवर येऊन पडते. तेही नको.

माफीनंतर ती बहुधा “काही नाही सर, चालतं” असेच म्हणेल. तो समेट समजू नये आणि खोदूनही विचारू नये. “आत्ता बोलायलाच हवं असं नाही, पण हा विषय माझ्याकडून बंद नाही” असे सांगून काही आठवड्यांनी एकदा आठवणीने विचारावे. मधल्या काळात वागणे बदललेले दिसले पाहिजे. पुढच्या रोल-प्लेमध्ये बोलीला मोकळीक द्यावी, न कळलेला शब्द विचारून घ्यावा. दुःख सांगताना क्लायंट घरच्या बोलीवर येतात, हे तर समुपदेशकाने शिकायलाच हवे.

अवमान सगळ्यांसमोर झाला असेल तर दुरुस्तीही सगळ्यांसमोर व्हावी, पण तिला विचारून. काहींना पुन्हा सगळ्यांच्या नजरा आपल्यावर नको असतात. अशा वेळी पर्यवेक्षकाने तिचे नाव न घेता स्वतःचे वाक्य वर्गासमोर मागे घ्यावे, हसणाऱ्यांशी वेगळे बोलावे. आणखी एक मोह टाळावा: तिला समाजाची प्रतिनिधी करण्याचा. (नाताळ जवळ आला की वाइनची चौकशी होतेच.) एका माणसाकडून साऱ्या वसईचे प्रबोधन करून घेणे हाही तिच्यावर लादलेला भारच आहे.

दुखावलेला माणूसही दुसऱ्याला दुखावू शकतो. वसईचीच प्रशिक्षणार्थी नालासोपाऱ्यातल्या क्लायंटबद्दल “ते भैय्ये लोक असेच” म्हणून जाते, किंवा वारली बाईच्या अबोलपणाला अडाणीपणा समजते. पर्यवेक्षकाने तिथे तिला झोडपू नये. तिच्याशी नीट दुरुस्ती झालेली असेल, तर ती तेच क्लायंटसोबत करू शकेल. नसेल, तर मुकाट राहायचे कसे, एवढेच ती पुढे शिकवील.

मात्र सगळे काही दुरुस्तीच्या खात्यात टाकता येत नाही. 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कुटुंबाने वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप केला. प्रकरण न्यायालयात गेले. वारंवार होणारा अपमान, जातिवाचक बोल किंवा गुणांची धमकी असेल, तर प्रशिक्षणार्थीला समजुतीच्या बैठकीला बसवू नये. तिथे रीतसर तक्रारच हवी. उच्च शिक्षणसंस्थांत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2012 चे नियम सांगतात. प्रशिक्षणार्थीने तारीख, नेमके शब्द आणि कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

संस्थेचे काम एवढ्यावर संपत नाही. पर्यवेक्षक बदलून मागण्याची सोय हवी, आणि बदलल्यावर आधी भरलेले तास वाया जाता कामा नयेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 18 नुसार धर्म, संस्कृती, जात किंवा वर्गावरून भेदभाव न होता सेवा मिळणे हा क्लायंटचा हक्क आहे. ती सेवा द्यायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांनी तासांचा आणि बदलीचा नियम प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यांच्या हाती लेखी द्यावा.