जड धातूंनी दूषित पाणी व तुरकाट्यांचा कोळसा

कर्जत तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पावसाचा भरवसा नसल्यामुळे येथे नदीचे व विहिरीचे पाणी फार मोलाचे होय. तालुक्याच्या सीमेवरील भीमा नदीस मुळा-मुठेमार्फत पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी येऊन मिळते. पुढे हीच नदी सिद्धटेकवरून उजनी जलाशयाकडे जाते. म्हणून पाण्यात काय विरघळले आहे, हे जाणून घेणे नदीकाठच्या शेतकऱ्यांस अगत्याचे आहे.

शहरे व कारखाने यांच्या सांडपाण्यातून शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू येऊ शकतात. रंग, वास वा चव यांवरून ते सहसा ओळखू येत नाहीत. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण धातू तसेच राहतात. उलट पाणी आटल्यावर त्यांचे प्रमाण वाढते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, तर कॅडमियमने मूत्रपिंडे बिघडतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅम व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये.

तुरकाट्या, पऱ्हाट्या किंवा वेड्या बाभळीचे लाकूड हवा कोंडून सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सियस उष्णतेवर भाजले असता राख न होता कोळसा होतो. यासच जैव कोळसा अथवा बायोचार म्हणतात. त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. शिसे व कॅडमियम यांचे कण धनभारित असल्याने ते त्यास चिकटतात. पाणी आम्लधर्मी असल्यास मात्र ही शक्ती घटते.

सहा संयुजेचे क्रोमियम व आर्सेनिक यांची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यात बहुधा ऋणभारित रूपात असतात. म्हणून साधा कोळसा त्यांना नीट धरीत नाही. अशा वेळी कोळशाची पूड लोहक्षाराच्या द्रावणात भिजवून, अल्क मिसळून, धुऊन वाळवितात. पृष्ठभागावर बसलेला लोहाचा थर हे धातू धरून ठेवतो. यास सुधारित जैव कोळसा म्हणतात. कोणत्या धातूसाठी कोणता कोळसा वापरावा, हे पाण्याच्या तपासणीवरूनच ठरते. हे काम प्रयोगशाळेचे आहे. ते घरी करू नये.

वाळू व कोळसा घातलेल्या माठांच्या गाळणीने पाणी निवळते व त्याचा वासही कमी होतो. परंतु तेवढ्यावरून ते धातुमुक्त झाले असे समजू नये. सामू व क्षारता यांच्या नेहमीच्या तपासणीत जड धातूंचा समावेश असतोच असे नाही. यासाठी नमुना देताना त्यांची स्वतंत्र मागणी करावी व दोष आढळल्यास पिण्यासाठी दुसरे पाणी वापरावे.

कोळसा धातूंचा नाश करीत नाही. तो त्यांना केवळ धरून ठेवतो. कालांतराने तो भरतो व पुढे निरुपयोगी ठरतो. असा कोळसा शेतात वा खतात मिसळू नये, तसेच चुलीत जाळू नये; अन्यथा पाण्यातून काढलेले विष जमिनीत, पिकात वा धुरात जाईल. तो झाकणाच्या भांड्यात ठेवून त्याची विल्हेवाट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्यानेच लावावी.